तारीख उलटलेली कार्ट्रिज आणि टोनर: दर जूनला प्रिंट फिकी, पट्टे आणि रेघा येत असतील तर

ज्यांचा प्रिंटर मे संपत आला की हटकून त्रास द्यायला लागतो, म्हणजे स्टॉकमधली सीलबंद कार्ट्रिज फोडून लावली तरी प्रिंट फिकी, मधेच कोरे पट्टे, फोटोतला चेहरा हिरवट, आणि मग खोक्यावर बघावं तर तारीख उलटून वर्ष-दोन वर्षं झालेली, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे हे लागोपाठ तीन पावसाळे झालं आणि तिन्ही वेळा मी सगळा दोष तारखेला दिला. तारखेचा त्यात वाटा होता, पण अगदी थोडा.

आमचं विक्रोळीला कन्नमवार नगरात झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतो. मशीन तीन. एक लेझर, ज्याच्यावर दिवसभराचं काळं-पांढरं काम निघतं, एक कार्ट्रिजवाला कलर इंकजेट पासपोर्ट फोटोसाठी, आणि एक इंक टँकवाला. लॉकडाउननंतर पलीकडच्या गल्लीतलं एक दुकान बंद झालं, त्यांनी उरलेला माल आम्हाला निम्म्याहून कमी भावात दिला, दोन मोठी खोकी भरून कार्ट्रिज आणि टोनर, सगळं ओरिजिनल, सीलबंद, बहुतेकांवर २०२१ ची तारीख. दुकानात जागा किती असते ते तुम्हाला माहितीय. एक खोकं काउंटरखालच्या कपाटात मावलं, दुसरं पोटमाळ्यावर गेलं. पोटमाळ्याच्या वर लगेच पत्रा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या जूनमधे एक आई मुलीला घेऊन आली, अकरावीच्या ॲडमिशनची कागदपत्रं आणि फोटो हवे होते. मी मुद्दाम कोरी कलर कार्ट्रिज फोडली, आठ फोटोंचं शीट काढलं आणि पोरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा, हिरवट-पिवळा. गुलाबी रंग कागदावर येतच नव्हता, आणि गुलाबी गेला की उरलेल्या निळ्या-पिवळ्याचा हिरवाच होणार. मी मशीनच्या मेनूतलं क्लीनिंग, म्हणजे शाईची वाट साफ करायची कमांड, मारलं, परत मारलं, असं पाच वेळा केलं आणि दर वेळी प्रिंट आधीपेक्षा वाईट. बाहेर धो धो पाऊस, त्या माउली पाऊण तास बाकड्यावर बसून, फॉर्मची मुदत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. शेवटी त्यांना स्टेशनजवळच्या दुकानात पाठवावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं रिपेअरिंगला जातो त्या मामांकडे ती कार्ट्रिज टेकवली. म्हटलं मामा, तारीख गेलेला माल घेतला, पैसे पाण्यात गेले. त्यांनी कार्ट्रिज उलटी करून बघितली आणि मला दोनच प्रश्न विचारले. त्यातलं हेड म्हणजे बारीक भोकांतून कागदावर शाई सोडणारा भाग.

"ताई, तारीख सोडा. या मशीनचं हेड कुठंय, कार्ट्रिजमधे का मशीनमधे?"

"कार्ट्रिजमधे."

"मग घाबरू नका. आता सांगा, माल ठेवलाय कुठे?"

म्हटलं पोटमाळ्यावर. ते नुसते मान हलवत राहिले.

तेव्हापासून मी कुठलीही जुनी कार्ट्रिज हातात घेतली की हेच दोन प्रश्न आधी विचारते. तुम्हीही तेच करा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं, खोक्यावरची तारीख कसली आहे ते बघा. बऱ्याच कार्ट्रिजवर जी तारीख असते ती वॉरंटी कधी संपते ती असते, किंवा अमुक तारखेच्या आत मशीनला लावा अशी. त्या दिवशी रात्री बारा वाजता शाई खराब होते असं काही नाही. सर्वसाधारण हिशोब असा की सीलबंद इंक कार्ट्रिज दोनेक वर्षं धरतात आणि एकदा सील फोडलं की सहा महिन्यांत संपवा म्हणतात. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त मनावर घ्या. फोडलेली, अर्धी वापरलेली आणि मग चार महिने पडून राहिलेली कार्ट्रिज ही तीन वर्षं जुन्या सीलबंद कार्ट्रिजपेक्षा जास्त त्रास देते, हा माझा अनुभव आहे.

इंकजेटची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात रंग, शाई पटकन सुकू नये म्हणून ग्लिसरीन आणि ग्लायकॉलसारखे पदार्थ, आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं औषध. प्लास्टिक कितीही बंद असलं तरी पाणी त्यातून हळूहळू उडत राहतं, आणि उष्णता असेल तर भराभर. पाणी कमी झालं की शाई घट्ट होते आणि केसापेक्षा बारीक नोझलमधून, म्हणजे हेडच्या भोकांतून, तिला बाहेर पडता येत नाही. शिवाय शाई दोन जातीची असते. डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, आणि पिगमेंट, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. पिगमेंट पडून राहिलं की तळाला बसतं. बऱ्याच मशीनमधे काळी पिगमेंट आणि रंगीत तिन्ही डाय असतात, म्हणून कधी कधी एकाच तारखेची, एकाच जागी ठेवलेली काळी रुसते आणि कलर मस्त चालते.

आता हेड. छोट्या घरगुती मशीनमधे बऱ्याच वेळा प्रिंट हेड कार्ट्रिजच्याच बुडाला असतं, ती सोनेरी किंवा तांबूस पट्टी दिसते ना, तिथे. अशा मशीनमधे जुनी कार्ट्रिज लावून बघायला माझी काही हरकत नाही, कारण हेड बिघडलं तर कार्ट्रिजबरोबर तेही फेकलं जातं आणि पुढच्या कार्ट्रिजबरोबर नवीन हेड येतं. फक्त गळत असेल तर लावू नका, गळलेली शाई कॅरेजच्या, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या खाचेच्या, पिनांवर गेली की कार्ट्रिज ओळखायचंच बंद होतं. पण ज्या मशीनमधे हेड मशीनला कायमचं बसवलंय आणि कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी आहे, तिथे तारीख गेलेली आणि उन्हात पडलेली शाई टाकू नका. टँकवाल्या मशीनमधेही बहुतेक तसंच, बाटलीतली शाई नळीतून हेडकडे जाते. तिथे चारशे-पाचशे रुपयांची शाई वाचवायला जाल आणि हेड बसलं तर नवीन हेडच्या खर्चात जवळजवळ नवीन मशीन येतं. मशीन वॉरंटीत असेल तर अजिबातच नको, कारण जुन्या शाईने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत आणि कंपन्या हे आधीच साफ लिहून ठेवतात.

घरी आल्यावर मी एक गोष्ट करून बघितली. एकाच नंबरची, एकाच तारखेची कलर कार्ट्रिज, एक पोटमाळ्यावरून काढली आणि एक खालच्या कपाटातून. दोन्हींची टेप काढली, टिश्यू पेपर चार पदरी घडी करून कोमट पाण्याने जरा ओला केला आणि दोन्ही बाजू-बाजूला टेकवल्या. कपाटातलीचे तीन पट्टे लगेच उमटले, पिवळा, गुलाबी, निळा, काठ अगदी आखल्यासारखे. पोटमाळ्यावरलीचा पिवळा आला, निळा अर्धवट आला, आणि गुलाबीच्या जागी दोन टिंबं. ती दोन टिंबं बघितली आणि त्या मुलीचा फोटो डोळ्यांसमोर आला. मग आणखी खात्री म्हणून शेजारच्या सोनारकाकांच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या, तर पोटमाळ्यावरली जवळजवळ एक ग्रॅमने हलकी. एवढ्याशा कार्ट्रिजमधे शाईच मुळात मोजून काही ग्रॅम असते, त्यातलं एक ग्रॅम पाणी पत्र्याखालच्या उन्हाने उडवलं. तारीख दोघींची एकच होती.

तर आता जुनी कार्ट्रिज लावायचीच असेल, हेड कार्ट्रिजमधलंच असेल, तर मी काय करते ते सांगते. घाईगर्दीच्या वेळी लावत नाही, आदल्या संध्याकाळी दुकान बंद करताना करते. टेप काढायची आणि सोनेरी पॉइंटना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की मशीन ओळखत नाही. एका बशीत टिश्यूची घडी, त्यावर कोमट डिस्टिल्ड वॉटर, तेच जे गाडीच्या बॅटरीत टॉप-अपला घालतात, बाटली स्वस्तात मिळते, फक्त त्याच दुकानात ॲसिडची बाटलीही असते म्हणून लेबल वाचून घ्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमधेच बसतात. कार्ट्रिजचं बूड त्या ओल्या घडीवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, मग कोरड्या टिश्यूवर नुसतं टेकवायचं. घासायचं नाही. पट्टे पूर्ण येईपर्यंत दोन-तीनदा करा. मग मशीनला लावा आणि क्लीनिंगच्या आधी नोझल चेकचं पान, म्हणजे सगळ्या रंगांच्या रेघांचं चाचणीचं पान, काढा.

हे नोझल चेकचं पान नीट बघायला शिका, अर्धं दुखणं तिथेच कळतं. पान काढा, बाजूला ठेवा, एक क्लीनिंग मारा, परत पान काढा आणि दोन्ही शेजारी धरा. रेघा जिथे तुटलेल्या त्याच जागी परत तुटल्या असतील तर नोझल चोंदलंय. तुटलेल्या जागा दुसरीकडे सरकल्या असतील, म्हणजे आधी वर होत्या आणि आता खाली, तर चोंदलेलं नाहीये, शाईत हवा शिरलीय. दोन्हींवर उपाय वेगळा. चोंदलेल्याला ओली घडी आणि वेळ. हवेला नुसताच वेळ, कार्ट्रिज मशीनमधे रात्रभर तशीच ठेवायची, बुडबुडे आपोआप वर जातात.

आणि हो, क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा, मग थांबायचं. मी पाच वेळा मारलं ती चूक तुम्ही करू नका. क्लीनिंग म्हणजे मशीन खालून शाई ओढून घेतं. शाई घट्ट असेल तर शाईऐवजी हवा ओढली जाते, म्हणून माझी प्रिंट दर वेळी आणखी बिघडत होती. आणि ती ओढलेली शाई जाते कुठे, तर मशीनच्या पोटात एक स्पंजची गादी असते तिच्यात. ती गादी भरली की काही मशीन पुढे कामच करत नाहीत, वेस्ट इंक पॅड फुल असा मेसेज देऊन बंद पडतात आणि मग पॅड बदलून काउंटर रिसेट करून आणावा लागतो. दोन क्लीनिंग, सहा-आठ तास विश्रांती, परत एक क्लीनिंग. एवढ्याने आली नाही तर ती कार्ट्रिज गेली असं समजा आणि जीव नका काढू.

टँकवाल्यांसाठी थोडंसंच. बाटली उजेडासमोर धरा, तळाला थर किंवा आत तंतू दिसत असतील, शाई गढूळ असेल, कुबट वास येत असेल तर ती बाटली गेली. पिगमेंटची सीलबंद बाटली असेल तर हळूवार उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका, फेस झाला की हवा शिरते. टँकमधली शाई शेवटच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका. आणि मशीन वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढा. आमच्याकडे ते काम दर सोमवारी दुकान उघडलं की दीर करतात, देवाची उदबत्ती झाली की पहिलं पान तेच.

कधी कधी प्रिंट बरी असते पण स्क्रीनवर मेसेज येऊन मशीन अडून बसतं. मेसेज शब्द न् शब्द वाचा, कारण एक्स्पायर्ड आणि इनकंपॅटिबल यांत फार फरक आहे. एक्स्पायर्ड म्हणाला आणि खाली ओके किंवा कंटिन्यू आलं तर ते दाबा, बहुतेक मशीन पुढे चालतात. पण नॉन-जेन्युइन, ब्लॉक्ड, इनकंपॅटिबल असलं काही आलं तर तो तारखेचा प्रश्नच नाही, कार्ट्रिजवरच्या चिपचा आहे, जिच्यावरून मशीन कार्ट्रिज ओळखतं. एचपीच्या काही ऑफिसजेट मशीननी सप्टेंबर २०१६ मधे एकदम दुसऱ्या कंपन्यांच्या चिपवाली कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली होती, त्यावरून जगभर बोंब झाली, आणि आता तर फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटने असं होऊ शकतं हे कंपनी स्वतःच सांगते. तसंच दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी नातेवाइकाने स्वस्त म्हणून कार्ट्रिज आणली असेल तर काही मशीन देशाप्रमाणे लॉक असतात, तिकडची इकडे चालत नाही. अशा वेळी टिश्यू आणि कोमट पाणी घेऊन बसू नका, काही उपयोग नाही.

आता टोनर. इथे मला जास्त बोलायचंय, कारण लोक इंकचे नियम टोनरला लावतात आणि चांगला माल टाकून देतात. टोनर ही शाई नाहीच, ती कोरडी पावडर आहे, बारीक दळलेलं प्लास्टिक, काळा रंग यायला कार्बन, थोडं मेण. पाणीच नाही तर सुकणार काय? सीलबंद टोनर थंड, कोरड्या जागी असेल तर तारखेच्या दोन-तीन वर्षं पुढे सुद्धा व्यवस्थित चालतो. आमच्या कपाटातले २०२१ चे सगळे टोनर चालले, एकही परत करावा लागला नाही.

पण उष्णता त्यालाही सोसत नाही. टोनरचं कामच वितळायचं आहे, मशीनच्या आत फ्यूझर दोनशे डिग्रीच्या आसपास तापतो आणि पावडर कागदात वितळवून बसवतो. ती पावडर पन्नास-साठ डिग्रीलाच मऊ पडायला लागते. ठेवणीची मर्यादा साधारण चाळीस डिग्री धरतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर हात घालून बघा, मग वेगळं सांगायला नको. कण एकमेकांना चिकटून ढेकळं होतात.

म्हणून जुना टोनर काढला की आधी कानाने तपासा. काळ्या पिशवीतून काढा, दोन्ही हातांनी आडवा धरा आणि डावीकडे-उजवीकडे पाच-सहा वेळा हलकेच झुलवा. वाळू सरकल्यासारखा सुळ्ळ आवाज आला तर उत्तम. काहीच सरकत नसेल किंवा आत खडे आपटल्यासारखं वाटलं तर आणखी थोडा झुलवून बघा, ढेकळं फुटली नाहीत तर मशीनला लावू नका, ती ढेकळं आतल्या ब्लेडवर अडकतात. झुलवून झालं की मगच कडेची सीलची पट्टी एका दमात सरळ ओढायची, तिरकी ओढली तर तुटते. आणि ओढायला विसरलात तर पान कोरंच येणार, तारखेमुळे टोनर मेला समजून फेकू नका, आमच्याकडे नवीन मुलाने दोनदा हे केलंय. बाहेर काढलेला टोनर उजेडात ठेवून चहाला जाऊ नका. एचपीच्या बारा ए, अठ्ठ्याऐंशी ए अशा नेहमीच्या टोनरमधे ड्रम, म्हणजे ज्याच्यावर आधी छपाई उमटते तो गोल रोलर, त्याच डबीत असतो आणि ड्रम उजेडाने खराब होतो. परत काळ्या पिशवीत घाला.

लावल्यावर दहा-बारा पानं सोडून द्या, पहिली काही फिकी किंवा करडी येऊ शकतात. त्यानंतरही दोष राहिला तर तो कसा दिसतो त्यावरून ओळखा. उभी काळी बारीक रेघ वरपासून खालपर्यंत असेल तर ड्रमवर चरा आहे किंवा ड्रम पुसणारं रबरी ब्लेड वर्षानुवर्षं एका जागी दाबून राहून कडक झालंय. उभा पांढरा पट्टा असेल तर पावडर एका बाजूला अडकलीय, काढून परत झुलवा. दुसरा चांगला टोनर लावूनही पांढरा पट्टा तिथेच येत असेल तर लेझरच्या काचेवर धूळ बसलीय, टोनरचा दोष नाही. एकच ठिपका पानावर ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर फूटपट्टी घ्या आणि मोजा. या छोट्या टोनरच्या ड्रमचा घेर साधारण ७५ मिलिमीटर असतो, म्हणजे ठिपका साडेसात सेंटिमीटरवर पानात तीन-चार वेळा दिसत असेल तर ड्रमलाच काहीतरी लागलंय. अंतर वेगळं आलं तर दुसरा कुठला तरी रोलर. या मोजमापाने माझे किती हेलपाटे वाचले काय सांगू, रिपेअरवाल्याला फोनवरच अंतर सांगते आणि तो बरोबर पार्ट घेऊन येतो.

पान निघालं, छान दिसतंय, पण बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात, ही तक्रार पावसाळ्यात फार येते आणि लोक लगेच म्हणतात टोनर जुना होता. बहुतेक वेळा नाही. कागद दमट असतो. फ्यूझरची सगळी उष्णता कागदातलं पाणी उडवण्यात जाते आणि पावडर नीट वितळत नाही. नवी रीम फोडून वीस पानं काढून बघा, बरी आली तर कागदच होता. जाड कागद असेल तर सेटिंगमधे जाड कागद निवडा, मशीन मग हळू आणि जास्त गरम चालतं. एवढं करूनही पुसलं जात असेल तर फ्यूझर दाखवा. आणि मागे करडी झाक येत असेल तर तेही हवेचं असू शकतं, टोनरला कागदावर नेणारी सगळी यंत्रणा स्थिर विजेवर चालते आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेत ती वीज टिकत नाही. आम्ही आता कागदाची फोडलेली रीम मोठ्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवतो, पापड ठेवतात तशी, आणि ट्रेमधे फक्त त्या दिवसापुरता कागद.

टोनर सांडला तर गरम पाणी अजिबात नाही, कपड्यातच वितळून बसेल. थंड पाणी आणि ओलं फडकं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, बारीक पावडर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडते. झटकूही नका, नाकात जाते.

रिफिल करून घेणार असाल तर मागचा वेस्ट टोनरचा कप्पा आपल्यासमोर रिकामा करून घ्या. तो भरलेला राहिला की नवीन पावडर घालूनही काळे डाग पडतात आणि परत जुन्या मालावर आळ येतो. रिकाम्या ओरिजिनल कार्ट्रिज खोक्यासकट कुणी विकत मागत असेल तर खोकं फाडून मगच द्या, नाहीतर तेच खोकं, तीच डबी, आत कसली तरी पावडर भरून ओरिजिनल म्हणून बाजारात परत येतं, आणि ते फसवणं एखाद्या आपल्यासारख्याच दुकानदाराच्या गळ्यात पडतं. ज्या मेल्या त्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचंही नाव आहे, मी महिन्याचा साठवून लॅमिंग्टन रोडच्या फेरीत ई-कचरा घेणाऱ्याकडे देते.

पोटमाळ्यावरचं खोकं मी त्याच आठवड्यात खाली उतरवलं. त्यात कलरच्या नऊ कार्ट्रिज होत्या, टिश्यूवर टेकवून बघितल्या तर चार चांगल्या निघाल्या, दोन ओल्या घडीने सुटल्या, तीन गेल्या. टोनर पाच, त्यातला एकच ढेकळांचा. आता सगळा माल काउंटरखाली भिंतीपासून वीतभर सोडून, मशीनपासूनही लांब, आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, कधी आली आणि फोडली कधी. पोटमाळ्यावर आता दिवाळीचे कंदील ठेवलेत. त्या मुलीचे फोटो मी नंतर बोलावून परत काढून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि या जूनमधे तिची आई धाकट्याच्या फॉर्मसाठी परत आमच्याकडेच आली.